टॉरेंट वापरताना पत्ता झाकायचा कसा आणि वेग पडला तर दोष शोधायचा कसा

टॉरेंट नव्यानं वापरू लागलेल्यांचे दोन प्रश्न ठरलेले असतात. मी काय उतरवतोय ते कोणाला दिसतं? आणि वेग मधूनच का मरतो? दोन्हींवर ‘व्हीपीएन घ्या’ असं एकच उत्तर ठोकून दिलं जातं. व्हीपीएन म्हणजे आपली रहदारी एन्क्रिप्ट करून (कुलूपबंद करून) दुसऱ्या कंपनीच्या सर्व्हरमार्गे नेणारी सेवा. पहिल्या प्रश्नाला ते बऱ्यापैकी लागू पडतं. दुसऱ्यात मात्र अनेकदा आजार वेगळा आणि औषध वेगळं असा प्रकार होतो, कारण वेग पडण्यामागे इंटरनेट कंपनीपेक्षा आपल्याच सेटिंगचा हात जास्त वेळा असतो. म्हणून आधी कोणाला काय दिसतं ते समजून घ्या, मग वेगाचं निदान करा, आणि पैसे खर्च करायचे तर त्यानंतर करा.

एक गोष्ट सुरुवातीलाच. टॉरेंट ही वापरणाऱ्यांनी एकमेकांना तुकड्या-तुकड्यांनी फाइल वाटण्याची पद्धत आहे आणि ती वापरण्यात गैर काही नाही. डेबियन, उबुंटू, लिबरऑफिस, इंटरनेट आर्काइव्ह हे सगळे स्वतःच टॉरेंट देतात. पण टॉरेंटमध्ये उतरवणारा त्याच वेळी वाटणाराही असतो. हक्क राखीव असलेली फाइल परवानगीशिवाय वाटणं बहुतेक देशांत बेकायदा आहे आणि व्हीपीएन लावल्यानं त्यात फरक पडत नाही. काही देशांत खुद्द व्हीपीएनवरही निर्बंध आहेत. आपल्याकडचा नियम आधी बघून घ्या.

पाहणारे दोन, आणि दोघांना वेगळं दिसतं

पहिला पाहणारा स्वॉर्ममध्ये असतो. एखादी फाइल एका वेळी उतरवणाऱ्या-वाटणाऱ्या सगळ्यांचा थवा म्हणजे स्वॉर्म. यातल्या प्रत्येकाला (त्याला पिअर म्हणतात) इतरांचा आयपी पत्ता, म्हणजे इंटरनेट जोडणीचा क्रमांक, कळतो, कारण त्याशिवाय तुकडे पाठवायचे कुठे? हे पत्ते तीन वाटांनी मिळतात: ट्रॅकर, म्हणजे थव्याची नोंद ठेवणारा सर्व्हर, यादी देतो; डीएचटी या पिअरांच्याच सामायिक नोंदवहीत फाइलचा इन्फो-हॅश (टॉरेंटची ओळख पटवणारा आकडा) देऊन कोणीही विचारू शकतो; आणि पीईएक्स या सोयीतून पिअर आपसांत ओळखी करून देतात. पाळत ठेवणारी संस्था फार काही करत नाही. तीही एक पिअर बनून थव्यात शिरते आणि यादी लिहून घेते. त्यामुळे क्लायंटमधलं (टॉरेंट चालवणाऱ्या प्रोग्राममधलं) एन्क्रिप्शन कितीही कडक केलंत तरी या पाहुण्यापुढे त्याचा उपयोग शून्य, कारण ते एन्क्रिप्शन तुम्ही त्याच्याशीच करत असता.

दुसरा पाहणारा वाटेवर असतो: तुमची इंटरनेट कंपनी, वसतिगृहाचं किंवा ऑफिसचं नेटवर्क. त्याला टॉरेंट ओळखणं सोपं असतं. साध्या बिटटॉरेंट जोडणीत पहिला बाइट १९ आणि त्यामागे ‘बिटटॉरेंट प्रोटोकॉल’ ही १९ अक्षरी इंग्रजी ओळ जशीच्या तशी जाते. तिच्यामागे २० बाइटांचा इन्फो-हॅश असतो. म्हणजे ‘टॉरेंट चालू आहे’ एवढंच नाही, तर कोणतं टॉरेंट हेही उघड. ती ओळ झाकली तरी शेकडो अनोळखी पत्त्यांशी एकाच वेळी दोन्ही दिशांनी चाललेली रहदारी लपत नाही.

पुढे कोणतंही सेटिंग बदलताना ते या दोघांपैकी कोणासाठी आहे हे स्वतःला विचारायची सवय लावा. निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

क्लायंट

नवख्यांनी क्यूबिटटॉरेंट किंवा ट्रान्समिशन घ्यावं. दोन्ही मोफत, मुक्त स्रोत आणि जाहिरातींशिवाय आहेत. खालची मेनूंची नावं क्यूबिटटॉरेंटची आहेत. आवृत्तीगणिक त्यांत थोडा फरक असतो.

प्रोग्राम अधिकृत साइटवरूनच उतरवा आणि चेकसम (फाइल बदललेली नाही हे दाखवणारा आकडा) ताडून बघा. हा सोवळेपणा नाही. मार्च २०१६ मध्ये ट्रान्समिशनच्या अधिकृत साइटवरच मॅकसाठीच्या २.९० आवृत्तीत केरेंजर नावाचं खंडणीखोर व्हायरस घुसवलेलं सापडलं होतं. क्यूबिटटॉरेंट वापरत असाल तर आवृत्ती ५.०.१ किंवा त्यापुढची हवी. त्याआधीच्या आवृत्त्या काही डाउनलोड करताना सर्व्हरचं प्रमाणपत्र तपासतच नव्हत्या, आणि ही चूक २०१० पासून चालत आली होती.

वेग खरंच कोणी दाबतंय का?

इथे वेळ काढा. थ्रॉटलिंग म्हणजे कंपनीनं ठरावीक प्रकारच्या रहदारीला मुद्दाम वेसण घालणं. ते होतं, यात शंका नाही. २००७ मध्ये अमेरिकेत कॉमकास्ट कंपनी टॉरेंटच्या जोडण्यांमध्ये बनावट रिसेट पॅकेट घुसवून त्या तोडत असल्याचं उघड झालं. दोन्ही बाजूंना वाटायचं की समोरच्यानंच फोन ठेवला. पण तुमच्याकडे तेच होतंय असं मानण्याआधी पुढची कारणं एकेक करून बाद करा.

पहिलं, एककांची गफलत. कंपनी वेग मेगाबिटमध्ये सांगते, क्लायंट मेगाबाइट किंवा किबीबाइटमध्ये (१०२४ बाइट) दाखवतो. ८ नं भागा. १०० मेगाबिटच्या जोडणीवर १२.५ मेगाबाइट हा कमाल आकडा. प्रत्यक्षात ११ दिसला तर सगळं ठीक आहे.

दुसरं, आणि हेच सर्वांत जास्त वेळा निघतं: अपलोडची नळी तुंबणं. बहुतेक घरगुती जोडण्यांत अपलोड डाउनलोडपेक्षा बराच कमी असतो. उतरलेल्या पॅकेटांची पोच अपलोडच्याच वाटेनं जाते. क्लायंटनं ती वाट वाटपानं पूर्ण भरून टाकली की पोच रांगेत अडकते, समोरचा पाठवायचा थांबतो, आणि डाउनलोडही कोसळतो. सोबत घरातल्या सगळ्यांचे व्हिडिओ कॉल अडखळतात. उपाय फुकट आहे. टॉरेंट बंद करून, शक्यतो केबल लावून, अपलोडचा वेग मोजा आणि त्याच्या ८० टक्क्यांवर मर्यादा घाला. उदाहरणार्थ, मोजलेला अपलोड २० मेगाबिट असेल तर तो सेकंदाला साधारण २४४० किबीबाइट होतो. त्याचे ८० टक्के म्हणजे १९५०. ‘ऑप्शन्स’मधल्या ‘स्पीड’ पानावर अपलोडच्या चौकटीत १९५० लिहा. त्याच पानावर म्यूटीपीला (टॉरेंटच्या जोडण्यांचा एक प्रकार) आणि ट्रान्सपोर्ट ओव्हरहेडला (पॅकेटांच्या आवरणाचा भार) मर्यादा लावण्याचे दोन पर्याय आहेत, तेही चालू ठेवा. नाहीतर मोजणीबाहेरची रहदारी मर्यादा ओलांडून जाते. मर्यादा शून्य ठेवू नका. क्यूबिटटॉरेंटमध्ये शून्य म्हणजे अमर्याद.

राउटरमध्ये एसक्यूएमची, म्हणजे रांगा आटोक्यात ठेवणारी सोय असेल (तिथे एफक्यू-कोडेल किंवा केक अशी नावं दिसतात), तर ती चालू करणं हा याहून चांगला इलाज. रांग तुंबण्याचा प्रश्नच ती मुळात मिटवते.

तिसरं, जोडण्यांची संख्या. ‘जास्त जोडण्या म्हणजे जास्त वेग’ या समजुतीपायी लोक २००० वर आकडा नेतात. साध्या राउटरची नॅटची नोंदवही (घरातली कोणती जोडणी कोणाची हे टिपणारी) त्यानं भरते आणि मग वेबपानंही उघडत नाहीत. एकूण २०० ते ५०० आणि दर टॉरेंटला ५० ते १०० पुरे. राउटर जुना असेल तर १५० पासून सुरू करा.

चौथं, बंद पोर्ट. पोर्ट म्हणजे जोडण्या आत येण्याचं क्रमांक असलेलं दार. बाहेरून कोणी तुमच्यापर्यंत पोहोचू शकत नसेल तर तुम्ही फक्त खुल्या पोर्टवाल्यांशीच जोडू शकता. मोठ्या थव्यात फरक जाणवत नाही. तीन-चार सीड (पूर्ण फाइल वाटणारे) असलेल्या टॉरेंटमध्ये तोच फरक सगळं काही ठरवतो. राउटरच्या पानावर दिसणारा बाहेरचा पत्ता आणि पत्ता दाखवणाऱ्या साइटवर दिसणारा पत्ता ताडून बघा. राउटरवर १००.६४ ते १००.१२७ मधला पत्ता असेल किंवा दोन्ही जुळत नसतील, तर कंपनीनं तुम्हाला सामायिक नॅटमागे, म्हणजे अनेक ग्राहकांच्या एकाच पत्त्यामागे, बसवलंय. मग राउटरवर पोर्ट कितीही उघडा, बाहेरून कोणी आत येणार नाही. आयपीव्ही६ (नव्या पद्धतीचा आयपी पत्ता) असेल तर त्या वाटेनं येऊ शकतं.

डिस्कही बघा. फिरत्या हार्ड डिस्कवर किंवा स्वस्त पेन ड्राइव्हवर तुकडे विखरून लिहिताना वेग हिसके देतो: ३० सेकंद जोरात, १० सेकंद ठप्प. हा आलेख दिसला की इंटरनेट कंपनीला शिव्या देणं थांबवा. आणि सीड नसतील तर वेग नसणारच, त्यावर सेटिंगचा उपाय नाही.

एवढं करूनही शंका उरली तर चाचणी अशी घ्या. उबुंटू किंवा डेबियनच्या ताज्या आवृत्तीची आयएसओ (सिस्टिम बसवण्याची फाइल) निवडा, कारण तिला शेकडो सीड असतात. तीच फाइल आधी ब्राउझरनं थेट उतरवा, मग टॉरेंटनं, मग व्हीपीएन लावून टॉरेंटनं. प्रत्येक वेळी ५ मिनिटं चालू द्या आणि स्थिरावलेला आकडा टिपा. हीच फेरी पहाटे आणि रात्री ९ च्या सुमारास, अशी दोनदा करा.

थेट डाउनलोड वेगवान, साधं टॉरेंट मंद आणि व्हीपीएनमधलं टॉरेंट पुन्हा वेगवान, असं दोन्ही वेळा आलं, तर टॉरेंटला वेसण आहे हे मानायला हरकत नाही. रात्री तिन्ही मंद आणि पहाटे तिन्ही वेगवान असतील तर ती गर्दी आहे. दिवसभर तिन्ही मंद असतील तर महिन्याचा कोटा संपलाय का ते पाहा. कोटा संपल्यावर कंपनी सगळ्याच रहदारीचा वेग कमी करते आणि तिथे कोणतंही एन्क्रिप्शन कामाचं नाही. उलट व्हीपीएनच्या आवरणामुळे कोटा थोडा लवकरच संपतो.

एन्क्रिप्शन आणि पोर्ट

‘ऑप्शन्स’मध्ये ‘बिटटॉरेंट’ पानावर एन्क्रिप्शनचे तीन पर्याय असतात: चालेल, हवंच, आणि नको. आधीपासून ‘चालेल’ निवडलेलं असतं. ‘हवंच’ केलं तर एन्क्रिप्शन न करणाऱ्या पिअरशी जोडणी होत नाही. मोठ्या थव्यात हे परवडतं, छोट्या थव्यात मोजके पिअरही हातचे जातात. वेसण सिद्ध झाली असेल तरच ‘हवंच’ करून पाहा आणि एका दिवसात फरक पडला नाही तर परत ‘चालेल’वर या.

याच्याकडून जास्त अपेक्षा ठेवू नका. २००६ च्या सुमारास आलेली ही सोय आरसी४ या जुन्या एन्क्रिप्शन पद्धतीवर चालते आणि तिचा उद्देश ती १९ अक्षरी ओळ लपवणं एवढाच होता. डीएचटीचे संदेश आणि यूडीपी (पोच न घेणारी पाठवणी) वापरणाऱ्या ट्रॅकरची विचारणा तिच्या कक्षेतच येत नाहीत. त्यांत इन्फो-हॅश उघडा जातो. म्हणून ‘मी एन्क्रिप्शन सक्तीचं केलंय, आता कंपनीला काही कळत नाही’ हे म्हणणं चूक आहे.

पोर्टचं एका वाक्यात: ६८८१ ते ६८८९ हे टॉरेंटचे जुने ओळखीचे पोर्ट टाळा, ४९१५२ ते ६५५३५ मधला एखादा घ्या आणि तोच कायम ठेवा.

‘अनॉनिमस मोड’ नावाचा पर्यायही ‘बिटटॉरेंट’ पानावरच आहे आणि नावामुळे तो बऱ्याच जणांना फसवतो. तो क्लायंटचं नाव आणि आवृत्ती यांसारख्या खुणा झाकतो. आयपी पत्ता झाकत नाही.

व्हीपीएन: बांधून घेतल्याशिवाय लावू नका

पत्ता थव्यापासून झाकायचा असेल आणि इन्फो-हॅश कंपनीपासून, तर दोन्ही कामं एकत्र करणारं नवख्याला झेपेल असं साधन हेच. थव्याला व्हीपीएन सर्व्हरचा पत्ता दिसतो. इंटरनेट कंपनीला एका सर्व्हरकडे जाणारी एन्क्रिप्टेड रहदारी आणि तिचं आकारमान दिसतं. विश्वास मात्र संपत नाही, फक्त जागा बदलतो: आता सगळं व्हीपीएन कंपनीला दिसू शकतं. म्हणूनच मोफत व्हीपीएन या कामासाठी घेऊ नका. त्यांचे बहुतेक सर्व्हर टॉरेंट अडवतात, आणि जे अडवत नाहीत त्यांचा खर्च कोण भागवतं हा प्रश्न उरतोच.

निवडताना चार गोष्टी बघा. टॉरेंटला लेखी परवानगी आहे का. वायरगार्ड ही व्हीपीएनची पद्धत आहे का. आयपीव्ही६ व्हीपीएनच्या बोगद्यातून (एन्क्रिप्टेड वाटेनं) नेतात किंवा निदान अडवतात का. आणि पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून येणाऱ्या जोडण्या तुमच्यापर्यंत पोहोचवणं) मिळतं का. शेवटची सोय अलीकडे दुर्मिळ झाली आहे, मुलवड या व्हीपीएन कंपनीनं ती २०२३ मध्ये काढून टाकली. नुसतं उतरवायचं असेल तर तिच्यावाचून अडत नाही, पण दीर्घकाळ सीड करायचं असेल तर अडतं.

आता मुख्य काम. व्हीपीएनची जोडणी कधी ना कधी तुटते: वाय-फाय बदललं, लॅपटॉप झोपेतून उठला, सर्व्हर बंद पडला. त्या क्षणी क्लायंट निमूट साध्या जोडणीवर जातो आणि थव्यात तुमचा खरा पत्ता काही सेकंदांत पसरतो. व्हीपीएनच्या ॲपमधला किल स्विच (व्हीपीएन तुटताच इंटरनेट बंद करणारी सोय) यासाठीच असतो, पण संगणक सुरू होताना किंवा ॲप कोसळल्यावर तो प्रत्येक वेळी वेळेवर जागा असेलच असं नाही. खरा बंदोबस्त क्लायंटला व्हीपीएनच्या इंटरफेसशीच (संगणकावरच्या त्याच्या जोडणीशीच) बांधून टाकणं हा आहे.

१. व्हीपीएन जोडा आणि त्याच्या इंटरफेसचं नाव शोधा. लिनक्सवर ते बहुधा डब्ल्यूजी० किंवा टन० असं असतं, मॅकवर यूटन आणि पुढे आकडा, विंडोजवर व्हीपीएन कंपनीच्या किंवा वायरगार्डच्या नावाचं.

२. क्यूबिटटॉरेंटच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘ॲडव्हान्स्ड’ पान उघडा. ‘नेटवर्क इंटरफेस’समोर ‘एनी इंटरफेस’ असेल, तिथे तो इंटरफेस निवडा.

३. त्याखालची आयपी पत्त्याची चौकट सर्व पत्त्यांवरच राहू द्या. इथे विशिष्ट पत्ता लिहिलात तर व्हीपीएननं पत्ता बदलताच सगळं ठप्प होईल.

४. ‘कनेक्शन’ पानावरचं यूपीएनपी / नॅट-पीएमपी (राउटरवर आपोआप पोर्ट उघडणारी सोय) बंद करा, नाहीतर घरच्या राउटरवर विनाकारण भोक पडतं. तुमचं व्हीपीएन नॅट-पीएमपीनंच पोर्ट देत असेल तर मात्र त्यांच्या सूचना पाळा. व्हीपीएननं दिलेला पोर्ट ऐकण्याच्या पोर्टच्या चौकटीत लिहा, आणि राउटरवर आधी उघडलेला पोर्ट बंद करा.

५. क्यूबिटटॉरेंट पूर्ण बंद करून पुन्हा सुरू करा. खिडकीच्या फुलीनं तो बऱ्याचदा खाली ट्रेमध्ये चालूच राहतो.

६. उबुंटूचं टॉरेंट चालू ठेवून व्हीपीएन तोडा. दोन्ही दिशांचा वेग शून्यावर आला पाहिजे आणि शून्यावरच राहिला पाहिजे. दोन मिनिटं बघत राहा. थोडासाही वेग परतला तर बांधणी झालेली नाही.

७. व्हीपीएन जोडून आयपीलीक डॉट नेट या साइटवरची टॉरेंटची चाचणी घ्या. ती एक मॅग्नेट लिंक (टॉरेंट उघडणारा दुवा) देते. ती क्लायंटमध्ये टाकली की तुमचा क्लायंट कोणता पत्ता सांगतोय ते पानावर दिसतं. ब्राउझरचा पत्ता बघून समाधान मानू नका, ब्राउझर आणि क्लायंट वेगवेगळ्या वाटांनी जाऊ शकतात. इथे तुमच्या घरचा आयपीव्ही६ पत्ता दिसणं ही सर्वांत सामान्य गळती आहे.

ट्रान्समिशनमध्ये इंटरफेसऐवजी सेटिंगच्या फाइलमध्ये पत्ता लिहून बांधावं लागतं आणि तो बदलला की पुन्हा लिहावा लागतो. म्हणून व्हीपीएनसोबत क्यूबिटटॉरेंट सोयीचं.

व्हीपीएन लावल्यावर वेबपानं नीट पण टॉरेंट अडखळत असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) बघा. वायरगार्डचा नेहमीचा आकडा १४२० असतो. काही जोडण्यांवर, विशेषतः मोबाइल डेटावर, तेवढी मोठी पॅकेट मधेच हरवतात. १३८० करून पाहा, मग १२८०. त्याखाली जाऊ नका, आयपीव्ही६ ला किमान १२८० लागतातच.

काय वापरू नये

टोरवरून, म्हणजे अनेक संगणकांमधून रहदारी फिरवून माग लपवणाऱ्या नेटवर्कवरून, टॉरेंट चालवू नका. टोर फक्त टीसीपी (पोच घेऊन चालणाऱ्या जोडण्या) नेतं; डीएचटी आणि यूडीपी ट्रॅकर त्याला वळसा घालून थेट बाहेर पडतात, आणि क्लायंट कधी कधी ट्रॅकरला स्वतःचा खरा पत्ता आपल्याच तोंडानं सांगून बसतो. टोर प्रकल्पानं स्वतः २०१० पासून हे करू नका म्हणून सांगितलंय. शिवाय ते नेटवर्क स्वयंसेवकांच्या जोरावर चालतं, त्यावर गिगाबाइटांचे डोंगर लादणं इतरांनाही महागात पडतं.

सॉक्स५ प्रॉक्सी (तुमच्या वतीनं जोडणी करणारा मधला सर्व्हर) थव्यापासून पत्ता झाकते, पण रहदारी एन्क्रिप्ट करत नाही. वाटेवरच्या पाहणाऱ्याला सगळं पूर्वीसारखंच दिसतं. पिअरच्या जोडण्यांसाठी प्रॉक्सी वापरायचा पर्याय वेगळा चालू करावा लागतो, तो राहिला तर फक्त ट्रॅकरची विचारणा प्रॉक्सीतून जाते आणि बाकी सगळं उघड्यावर.

आयपी ब्लॉकलिस्टवरही, म्हणजे नकोसे पत्ते अडवणाऱ्या यादीवरही, वेळ घालवू नका. पाळत ठेवणारा उद्या नव्या पत्त्यावरून येतो, यादीत मात्र निरपराध सीड अडकून पडतात.

आय२पी हे ओळख लपवणारं नेटवर्क हा वेगळा आणि प्रामाणिक पर्याय आहे: त्यात आय२पीस्नार्क नावाचा टॉरेंट क्लायंट आयताच येतो आणि थवाच त्या नेटवर्कच्या आत असतो. पण वेग बेताचा आणि फाइलींची निवड थोडी. घाई नसेल तरच.

दोन दारं जी उघडी राहतात

क्यूबिटटॉरेंटचा वेब यूआय (ब्राउझरमधून क्लायंट चालवण्याची सोय) चालू केला असेल तर तो ८०८० पोर्टवर ऐकतो. पूर्वी त्याचा पासवर्ड सगळ्यांना माहीत असलेला ‘ॲडमिनॲडमिन’ असायचा. जुनी मांडणी चालवत असाल तर आजच बदला, आणि हा पोर्ट राउटरवर बाहेरून उघडू नका. बाहेरून वापरायचाच असेल तर आपल्या घरात जाणारा वायरगार्डचा बोगदा करून त्यातून या.

दुसरं दार स्वतःच्या फाइली वाटणाऱ्यांसाठी. टॉरेंट फाइलमध्ये ती बनवणाऱ्या प्रोग्रामचं नाव, बनवल्याची वेळ आणि फोल्डरचं नाव जातं. फोल्डरला स्वतःचं नाव दिलं असेल तर तेही. फोटोंमध्ये जागेची नोंद असू शकते, ऑफिसच्या कागदपत्रांत लेखकाचं नाव. एक्झिफटूल किंवा मॅट२ या अशा नोंदी पुसणाऱ्या प्रोग्रामनं फाइली आधी साफ करा आणि टॉरेंट त्यानंतर बनवा. क्रम उलटा झाला तर तुकड्यांचे हॅश (ओळख पटवणारे आकडे) जुळणार नाहीत आणि सगळं पुन्हा करावं लागेल.

बांधणी एकदा केली की विसरून जाऊ नका. ऑपरेटिंग सिस्टिम किंवा व्हीपीएनचं ॲप अद्ययावत झाल्यावर इंटरफेसचं नाव बदलू शकतं, आणि मॅकवर यूटनपुढचा आकडा तर नुसत्या रीस्टार्टनंही बदलतो. अशा वेळी क्लायंट एकही पिअर न जोडता गप्प बसून राहतो. वैतागून ‘एनी इंटरफेस’ करू नका. पायरी १ पासून नवं नाव शोधा, निवडा आणि व्हीपीएन तोडून बघण्याची चाचणी पुन्हा घ्या.